अर्ध्या भिंतीपलीकडचा तास

सरकीचा वास कोमट असतो. जिनिंग कारखान्याच्या आवारात कापसापासून वेगळी होऊन पडलेली सरकी दुपारच्या उन्हात तापली, की तिच्यातून तेलाचा, धुळीचा आणि किंचित उतू गेलेल्या दुधाचा असा एकत्र वास उठतो. दिवाळी झाली, की तो जिनिंगला लागून असलेल्या आमच्या महाविद्यालयाच्या पश्चिमेकडील वर्गांत मुक्कामाला येई आणि थेट होळीपर्यंत राही. त्याच्यासोबत कापसाचे तंतू येत. ते फळ्यावर बसत, मुलींच्या ओढण्यांवर बसत, माझ्या उघड्या पुस्तकात शिरत आणि कवितेच्या दोन कडव्यांमधल्या मोकळ्या जागेत पडून राहत. आधी फुंकर घालायची आणि मगच पान उलटायचे, ही सवय मला तिथे लागली.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे अध्यापनातल्या गमतीजमती मागितल्या होत्या. त्या आहेत, आणि एखाददुसरी मी सांगणारही आहे. परंतु लिहायला बसले, की त्या वासाबरोबर एका माणसाचा आवाज येतो आणि गमती बाजूला राहतात. त्या माणसाला मी येथे भूषण म्हणणार आहे. नावे बदलली आहेत, गावेही थोडी इकडची तिकडे केली आहेत. हे लिहू का, असे मी त्याला फोनवर विचारले तेव्हा तो म्हणाला, "लिहा मॅडम. फक्त मला बिचारा करू नका." ती अट पाळणे अवघड नाही, कारण हा लेख त्याच्याविषयी कमी आणि माझ्याविषयी अधिक आहे.

पश्चिमेकडचे ते दोन वर्ग म्हणजे मुळात एकच सभागृह. विद्यार्थी वाढले तेव्हा संस्थेने मध्ये विटांची भिंत घातली, ती माणसाच्या डोक्यावर हातभर नेली आणि तेथेच थांबवली. वरचे टिनाचे छप्पर दोन्ही वर्गांना सामाईक राहिले. त्यामुळे एका वर्गातले शिकवणे दुसऱ्या वर्गात आपोआप पोचत असे. माझी विरहिणी चंद्राला दूषणे देत असताना पलीकडून अर्थशास्त्राचे सर मागणी आणि पुरवठा समजावीत, आणि माझी मुले दोन्ही उतरवून घेत. एकाने तर परीक्षेत विरहाची व्याख्या 'मागणी असून पुरवठा नसणे' अशी लिहिली होती. मी त्याला पूर्ण गुण दिले आणि ती उत्तरपत्रिका स्टाफरूममध्ये सर्वांना वाचून दाखवली.

कविता शिकवणे हा व्यवसाय बाहेरून वाटतो तितका हळुवार नाही. आमच्याकडे बी.ए.ला मराठी घेणारी मुले बहुतेक कापूस, तूर, सोयाबीनच्या घरची. पहाटे शेतात एक चक्कर मारून, एका दुचाकीवर तिघे बसून ती पहिल्या तासाला येत. त्यांना कविता हवी असे ती परीक्षेत सुटेल अशी. त्यासाठी आम्ही रसग्रहणाचा एक साचा करून ठेवलेला असतो : आधी आशय, मग भाव, मग अलंकार आणि शेवटी 'मला ही कविता का आवडली'. हा शेवटचा भाग सोडता येत नाही, म्हणून आवडणेही सक्तीचे. या साच्यात राहूनसुद्धा एखाद्या तासाला वर्ग श्वास रोखून ऐकतो. तसे तास माझ्या वाट्याला आले, आणि त्यांचा मला अभिमान आहे.

पण त्याच साच्यात मी एक झाकणही ठेवले होते. आमच्या जुन्या कवितेत पुरुष कवी स्त्री होऊन बोलतो. देवाला सखा म्हणतो, त्याच्यासाठी शेज सजवतो, त्याच्या स्पर्शासाठी झुरतो. हे वर्गात वाचताना मागच्या बाकांवर खसखस पिकते. ही खसखस मराठीच्या प्रत्येक प्राध्यापकाला ठाऊक असते आणि प्रत्येकापाशी तिच्यावरचा उतारा असतो. माझा उतारा एका वाक्याचा होता : "येथे जीव शिवाची वाट पाहत आहे, लिहून घ्या." 'लिहून घ्या' म्हटले, की सगळ्या माना खाली जातात आणि हसू वहीत मावळते. ते वाक्य खोटे होते असे मी म्हणणार नाही. पण दर वर्षी त्या बाकांवर कोणीतरी असे बसलेले असणार, की ज्याला त्या ओळी भक्तीच्या आधी आपल्या वाटल्या असतील. त्याने मान वर केली असेल, आणि तेवढ्यात मी झाकण लावले असेल.

'समलिंगी' हा शब्द मी वर्गात कधीच उच्चारला नाही. अशा संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा बदलला तेव्हा वर्तमानपत्रांत मथळे आले. मी त्या दिवशी वर्गात ऋतुवर्णन शिकवले. पुढे वरून परिपत्रक आले, समानतेविषयी व्याख्यान ठेवा म्हणून, तेव्हा ते व्याख्यान मीच दिले. त्यात जात होती, धर्म होता, स्त्री होती. तो शब्द नव्हता. शाल घेतली, श्रीफळ घेतले, घरी आले. स्टाफरूममध्ये इतिहासाचे देशमुख सर मनगट सैल सोडून, मान वेळावून चहाचा कप उचलून दाखवीत आणि म्हणत, "हे आपले पाहुणे आले, यायले लेडीज बाजूले बसवा." सगळे हसत. मी हसत नसे. मी ओठ मिटून पुस्तकात पाही, आणि त्यालाच माझा निषेध समजे.

भूषण आमच्याकडे तासिका तत्त्वावर आला. हा शब्द बाहेरच्या वाचकांना सांगायला हवा. तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक म्हणजे ज्याची नेमणूक दर उन्हाळ्यात संपते. जुलैत पुन्हा जाहिरात निघते, पुन्हा मुलाखत होते, आणि ज्यांच्यासोबत त्याने वर्षभर चहा घेतलेला असतो त्याच माणसांसमोर उभे राहून त्याला स्वतःचा परिचय करून द्यावा लागतो. महागावकडच्या एका कापूस-सोयाबीनवाल्या घरातला हा मुलगा. पहिल्या मुलाखतीत त्याला मीच एक कविता वाचायला सांगितली होती. त्याने ती वाचली, थोडा थांबला, आणि कोणी न सांगता पुन्हा वाचली. दुसऱ्या वेळी ती वेगळीच ऐकू आली. मी प्राचार्यांकडे पाहून मान हलवली.

त्याचा आवाज खालच्या पट्टीतला होता, कोरडा. ज्वारीच्या कडब्यातून वारा जावा तसा. वर्गात तो मुलांशी मुलांच्या बोलीत बोले आणि कविता मात्र तिच्या बोलीत वाचे. अर्थशास्त्राचा वर्ग दुसरीकडे हलला आणि भिंतीपलीकडे भूषण आला, तेव्हापासून माझी मुले त्याच्या तासाला कान देत. मीही माझा आवाज उतरवत असे. ते मुलांच्या लक्षात आले असावे.

शनिवारी त्याला न्यायला आर्णीहून एक जण मोटारसायकलवर येई. तेथे त्याचे झेरॉक्सचे दुकान होते. भूषणने एकदा ओळख करून दिली, "मॅडम, हा संजय." पुढे मित्र नाही, भाऊ नाही, काहीच जोडले नाही. मी समजले. समजल्याचे मी त्याला कळू दिले नाही. सणावाराला डब्यातून त्याच्यासाठी एक पुरणपोळी नेत होते, त्या दोन नेऊ लागले. 'एक संजयला' एवढेही मी कधी म्हणाले नाही, आणि त्या न म्हणण्यात आपण केवढे मोठ्या मनाचे, असे मला वाटत राहिले.

ज्या दुपारची गोष्ट सांगायची आहे, त्या दुपारी बाजार समिती बंद होती, म्हणून जिनिंगही बंद होते, त्याची रोजची घरघर नव्हती. माझा वर्ग शिबिराला गेला होता. रिकाम्या बाकांसमोर बसून मी उत्तरपत्रिका तपासत होते. पलीकडे भूषण तीच कविता शिकवत होता, जिच्यावर माझे झाकण ठरलेले होते. त्याने ती दोनदा वाचली. मग प्रवीण नावाच्या एका मुलाचा आवाज आला.

"सर, हा मानूस असून बाईवानी काहून रडून राह्यला?"

खसखस झाली. भूषण म्हणाला, "प्रेम केल्यावर रडूच येते बाबू. बाई काय अन् माणूस काय."

"आमच्या गावातबी एक हाये तसा," प्रवीणला आता चेव आला होता. "पोट्ट्यायनं धुतला त्याले पोळ्याच्या दिवशी."

वर्ग मोकळेपणी हसला. माझ्या हातातली लाल पेन्सिल थांबली. मी मनातल्या मनात त्याला सांगत होते : म्हण, जीव शिवाची वाट पाहत आहे. म्हण, लिहून घ्या.

"काहून धुतला?" भूषणने विचारले.

"तसाच होता नं सर थो."

"मग मलेही माराल काय?"

"तुमाले कायले, सर?"

"मीही तसाच आहे म्हणून."

टिनाचे छप्पर उन्हाने तडकल्यासारखे वाजते, ते तेवढे वाजले. मग तोच कोरडा, न बदललेला आवाज आला, "मारायचं नाही. कोणालाच. हे परीक्षेत येणार नाही, तरी ध्यानात ठेवा. आता पुढची ओळ पाहा." आणि त्याने पुढची ओळ वाचली. त्यानंतर तास संपेपर्यंत कोणी हसले नाही. माझ्या आयुष्यात मी ऐकलेला तो सर्वांत चांगला तास होता, आणि तो ऐकणारी मोठी व्यक्ती मी एकटीच होते.

त्यानंतरच्या आठवड्यात प्राचार्यांनी मला बोलावले. आमचे प्राचार्य वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना संस्थेत शांतता हवी असे, एवढेच.

"बसा मॅडम. भूषणची तक्रार आली आहे. एका पालकानं संस्थेच्या सदस्याच्या कानावर घातलं, की सर वर्गात घाण बोलते म्हणून. मी विचारलं त्याला. तो म्हणते, मारू नका एवढंच शिकवलं, अन् माझ्याबद्दल जे खरं आहे ते सांगितलं. घाण बोललो नाही." त्यांनी कोरा कागद पुढे ओढला आणि पेनाचे टोपण काढले. "अन् म्हणते, मॅडमला विचारा. त्या बाजूच्या वर्गात होत्या. तुम्ही सांगा, मी लिहून घेतो. तुमच्या शब्दावर कोणी बोलणार नाही. विषय इथंच संपते."

त्यांच्या केबिनमध्ये उदबत्ती जळत होती. चंदनाचा स्वस्त, गोड वास घशात बसत होता. मला काय सांगायचे होते ते पूर्ण माहीत होते. दोन वाक्ये होती. त्यांतल्या एका वाक्यात तो शब्द उच्चारावा लागणार होता, प्राचार्यांकडे पाहून, त्या उदबत्तीच्या वासात. त्यानंतर स्टाफरूममध्ये देशमुख सर म्हणणार होते, मॅडमनी साक्ष दिली. कोणाची, कशाची, हे सगळे मनगट सैल सोडून सांगितले जाणार होते.

"मला नीट ऐकू आलं नाही," मी म्हणाले. "जिनिंग चालू होतं."

प्राचार्यांनी खिडकीबाहेर पाहिले. खिडकीतून जिनिंगची चिमणी दिसत असे. बाजार कोणत्या दिवशी बंद होता, हे शेती असलेल्या त्या माणसाला माझ्याहून अधिक ठाऊक होते. त्यांनी पेनाला टोपण लावले.

"असते," ते म्हणाले. "जिनिंगचा आवाज असते."

आम्हा दोघांनाही हायसे वाटले. ते हायसे वाटणे मला अजून आठवते; छातीतून खाली उतरलेले गार पाणी. मी भ्याले, असे म्हणायची सोय मला नाही. माझी नोकरी कायम होती, निवृत्तिवेतन निश्चित होते, घरी विचारणारे कोणी नव्हते. भिण्यासारखे काही नव्हतेच. मी फक्त एका शब्दाचा विटाळ मानला. जन्मभर शृंगाररसाची लक्षणे सांगितली, ओठ, कटाक्ष, रोमांच यांवर तासन्‌तास बोलले, आणि एका माणसाच्या साध्या खऱ्या प्रेमाचे नाव माझ्या जिभेला अस्वच्छ वाटले. एवढे सूक्ष्म शिकलेली जीभ एवढी जाड निघाली.

दोन दिवसांनी प्रवीण आणि पल्लवी विभागात आले. पल्लवी ही त्याच वर्गातली, पहिल्या बाकावर बसणारी मुलगी. ती रडून आलेली दिसत होती.

"मॅडम, सरायनं काईच घाण नाई बोललं," प्रवीण म्हणाला. "धुतला-बितला म्याच बोललो होतो. आमी सांगतो प्राचार्यायले. आख्खा वर्ग येते."

"घरी मीच सांगितलं, मॅडम," पल्लवी म्हणाली. "मले सरांचं चांगलं वाटलं म्हणून सांगितलं. आईला सांगितलं होतं. बाबांनी भलतंच करून टाकलं."

मी त्यांना बसा म्हणाले नाही. "परीक्षा तोंडावर आली आहे," मी म्हणाले. "मोठ्यांच्या गोष्टींत पडू नका. प्राचार्य पाहतील काय ते."

"पन तुमी त होत्या नं बाजूले?" प्रवीणने विचारले. त्याच्या विचारण्यात आरोप नव्हता. मॅडम बाजूला होत्या म्हणजे काम सोपे आहे, असे त्या मुलाला वाटत होते.

"लायब्ररीची पुस्तकं जमा केली का?" मी म्हणाले.

ते दोघे गेले. जाताना पल्लवीने दार इतके हळू लावले, की कडीचा आवाजही झाला नाही.

पुढचे मला सांगायला लाज वाटते, आणि ते सांगितल्याशिवाय आमचा व्यवसाय कळणारही नाही. महाविद्यालयात कोणी कोणाला काढून टाकत नाही. आमच्याकडे 'कार्यभार' नावाची गोष्ट असते. कोणत्या विषयाला आठवड्याचे किती तास, कोणत्या वर्गाच्या किती तुकड्या, याचा हिशेब विभागप्रमुख उन्हाळ्यात तयार करतो. तास पुरेसे असले तर तासिकेची जागा निघते. तास कमी भरले तर निघत नाही. त्यात कोणाचे नाव नसते, कोणावर ठपका नसतो. माणसाला हात न लावता त्याच्या पायाखालचे तास काढून घेता येतात.

"तक्रारीत शिरायलाच नको," प्राचार्य म्हणाले होते. "कार्यभार बघा यंदाचा जरा."

विभागप्रमुख मी होते. मी बघितला. दोन तुकड्या एक केल्या. काव्यविचाराचा ऐच्छिक पेपर बंद केला. विद्यार्थी मिळत नाहीत, असे कारण दाखवले. विद्यार्थी होते. त्यांना मी प्रवेशाच्या वेळी दुसऱ्या पेपराकडे वळवले, त्यात गुण बरे पडतात असे सांगून. ज्या विषयासाठी मी या व्यवसायात आले, तो विषय आमच्या महाविद्यालयातून मी स्वतःच्या हाताने घालवला, आणि तोही सुवाच्य अक्षरात.

जुलैत भूषण आला. फाइल काखेत, शर्टला इस्त्री. जाहिरात कधी निघते, हे विचारायला आला होता.

"यंदा कार्यभार बसत नाही रे," मी म्हणाले. 'रे' म्हटल्याने वाक्य मऊ होईल, असे मला वाटले असावे.

त्याने टेबलावरचा कार्यभाराचा तक्ता पाहिला नाही. माझ्याकडे पाहिले. "मॅडम, त्या दिवशी तुम्ही पेपर तपासत होत्या ना? पान उलटायच्या आधी तुम्ही फुंकर मारता. ती ऐकू येते इकडे. मी बोललो अन् ती थांबली." तो किंचित हसला. "मला बरं वाटलं होतं. म्हटलं, मॅडम ऐकत आहेत."

"चहा घेतोस?" मी विचारले.

"नाही मॅडम. संजय खाली उभा आहे."

त्या वर्षी जोडून एक केलेली तुकडी माझ्याकडे होती. वर्ग इतका भरलेला असे, की खडूचा वासही घामात बुडून जाई. पलीकडचा अर्धा वर्ग मोडक्या बाकांसाठी वापरात आला. पुढच्या वर्षाच्या अभ्यासक्रमातली तशीच एक कविता आली तेव्हा मी ठरवून गेले होते, की आज झाकण लावायचे नाही. खसखस पिकली. मी थांबले. भूषणचे वाक्य माझ्या जिभेवर आले होते, निदान 'कोणालाच मारायचं नाही' एवढे तरी. सगळ्या माना वर होत्या. प्रवीण मागे बसला होता. तो हसत नव्हता. तो माझ्याकडे वाट पाहिल्यासारखा पाहत होता. मी म्हणाले, "लिहून घ्या."

आणखी एक सांगायचे राहिले. त्याच हिवाळ्यात वणीकडच्या एका महाविद्यालयातून मला फोन आला. राजूरच्या खाणकामगारांची मुले जेथे शिकतात त्या भागातले महाविद्यालय. भूषणने तेथे मुलाखत दिली होती. तेथील विभागप्रमुख बाईंनी विचारले, "माणूस कसा आहे, ताई?" मी म्हणाले, "शिकवतो छान." त्या पुढे ऐकायला थांबल्या. मी म्हणाले, "बाकी तुम्ही बघा." एवढेच. आमच्या व्यवसायात 'बाकी' या शब्दाच्या पुढे कोणी काही विचारत नाही.

मी सन्मानाने निवृत्त झाले. निरोप समारंभात देशमुख सरांनी भाषण केले, मॅडमच्या तोंडून कधी कोणाविषयी वाईट शब्द निघाला नाही, असे ते म्हणाले. ते अगदी खरे होते. टाळ्या वाजल्या.

गेल्या हिवाळ्यात मी आर्णीला गेले. काम असे सांगण्यासारखे नव्हते. यवतमाळहून बस पकडली आणि स्टँडवर उतरून झेरॉक्सचे दुकान विचारले. दुकानात गरम कागदाचा आणि शाईच्या भुकटीचा वास होता. समोर काउंटरवर ऑनलाइन अर्ज भरायला आलेली मुले, मागे पडद्याआड पाच-सात बाक आणि एक फळा. संजयचे केस थोडे पिकले होते. त्याने मला लगेच ओळखले.

"या मॅडम, बसा नं. ए भूषण, कोन आलं पाह्य."

भूषण बांधणीच्या यंत्रापाशी उभा होता. कोणाचा तरी प्रकल्प बांधत होता. त्याने हात पुसले, वाकून नमस्कार केला, स्टूल पुढे केले. संजयने चहा सांगितला आणि बोलतच राहिला, बहुधा आम्हा दोघांना बोलावे लागू नये म्हणून.

"याच्यानं धंदा बुडते माह्या, मॅडम. लोकं प्रकल्प बांधाले देतात, अन् हा वाचत बसते. पेन्सिल घेऊन चुका काढते. काल एक पोरगी म्हने, दादा, बांधून द्या नं, मले चांगल्या मार्कानं नाई पास व्हाचं."

"चूक दिसली त काय करू?" भूषण म्हणाला.

"डोये मिट."

तिघेही हसलो. चहात आले फार होते. संध्याकाळी पडद्यामागे तो दहावीच्या मुलांना मराठी शिकवतो, हे मला कळले. वणीनंतर त्याने आणखी एके ठिकाणी मुलाखत दिली होती. तेथूनही आमच्या महाविद्यालयात फोन गेला होता. तो कोणी घेतला, त्याला माहीत नव्हते. मग त्याने अर्ज करणे सोडून दिले. हे त्याने मी विचारले म्हणून सांगितले, एखादा रस्ता बंद झाल्याचे सांगावे तसे.

मी चहाचा कप खाली ठेवला. जी वाक्ये मी बसमध्ये जुळवली होती, ती जुळवल्याप्रमाणे आली नाहीत. मी म्हणाले, मी सगळे ऐकले होते. म्हणाले, जिनिंग बंद होते. कार्यभार मी केला, वणीचा फोन मी घेतला, बाकी बघा असे मी म्हणाले. संजयने यंत्राचे बटन बंद केले. काउंटरवरची मुले फोनमध्ये पाहत राहिली.

"मी लेखी देते, भूषण," मी म्हणाले. "विद्यापीठाच्या तक्रार समितीकडे, नव्या प्राचार्यांकडे, तू म्हणशील तिथे. मी तिथे होते, मी ऐकलं, तू काहीच वावगं बोलला नाहीस, असं सगळं लिहिते. तो शब्दही लिहिते. मी आता निवृत्त आहे, माझ्यावर कोणाचं दडपण नाही. तू म्हणशील त्या दिवशी येते."

त्याच्या हातात बांधणीची प्लास्टिकची गुंडाळी होती. कागदांच्या छिद्रांतून ती अर्धी ओवून झाली होती. तो थांबला. त्याने माझ्याकडे पाहिले. रागाने पाहिले असते तर मी ते घेतले असते. एखाद्या बऱ्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत काहीतरी न समजणारे लिहिले असावे आणि ते समजून घ्यायची आपली मनापासून इच्छा असावी, तसे त्याने पाहिले, आणि विचारले,

"आता?"